बारमाही झरा नाही

गावात त्याला सगळे पाणाड्या म्हणत. जमिनीत पाणी कुठे आहे ते तो सांगायचा आणि सांगून झालं की पहार घेऊन स्वतःच खणायला उतरायचा. चाळीस वर्षांत त्याने एकोणचाळीस विहिरी खणल्या. त्यातल्या दोनच कोरड्या निघाल्या. त्यांच्याबद्दल कोणी छेडलं तर तो म्हणायचा, "पाणी होतं रे, मालकाचाच धीर सुटला."

पुढे बोअरची गाडी आली. ते यंत्र सकाळी यायचं आणि संध्याकाळपर्यंत तीनशे फूट जमीन भोसकून निघून जायचं. पाणाड्याला कोणी विचारेनासं झालं. त्यात गुडघे गेले. बायको आधीच गेली होती. मुलगा लांबच्या रस्त्यांवर ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा घरी टेकायचा. घरात सासरा आणि सून अशी दोनच माणसं. सून दूध केंद्रावर कामाला होती. दुधात पाणी किती हे ती नुसत्या रंगावरून ओळखायची, म्हणून गवळी तिला टरकून असत. सासऱ्याचे गुडघे गेलेत हेही तिने ओळखलं होतं, पण तो दारातली पायरी उतरताना उगाच आभाळाकडे बघत थांबला की तीही काहीतरी शोधायला आत वळायची. कारण हा माणूस भुकेला राहील, पण "मला चढवत नाही" असं म्हणणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

अशात एका सकाळी त्याच्या दाराशी जीप थांबली. आतून एक तरुण इंजिनिअर मुलगी उतरली. तिच्या मागे दोन मदतनीस, हातात नकाशांची नळकांडी. "काका, या भागातल्या पाण्याचं तुमच्याइतकं कोणाला कळत नाही असं ऐकलं," ती म्हणाली. "चार दिवस आमच्याबरोबर फिराल?"

पाणाड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं, डोक्याला पांढरं हेल्मेट दिलं. तो बोट दाखवेल तिथे जीप थांबायची. ही विहीर कधीची, हिला पाणी किती फुटांवर, उन्हाळ्यात किती उतरतं, हे तो सांगायचा आणि मुलगी लिहून घ्यायची. गावातून जीप जाताना तो काच खाली करून बसायचा. ही पाहणी कशासाठी चाललीय ते त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं त्याला पुढे शंभर वेळा वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जीप डोंगराच्या मागच्या बाजूला थांबली. वर कातळाच्या पोटात एक झरा होता. वरच्या वस्तीवरची माणसं आणि गुरं त्यावर जगत. बाविसाव्या वर्षी बापाबरोबर दगड फोडून पाणाड्याने त्या झऱ्याला कुंड बांधलं होतं. तेव्हापासून तो एकदाही आटला नव्हता. मुलीने नकाशावर बोट ठेवलं. "काका, इथे एक झऱ्याची खूण आहे. जाऊन बघू या?"

पाणाड्याने वर पाहिलं. उभा चढ होता, वर निसरडे कातळ. सकाळपासून गुडघ्यांत सुया टोचत होत्या. ही मुलगी हरणासारखी वर जाणार, मदतनीस मागे वळून हात देणार, आणि आपण चार पायांवर रांगणार. ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "वर काही नाही. पावसापुरता पाझर आहे. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत."

"नक्की?"

"मीच सांगतोय ना!"

मुलीने घड्याळ पाहिलं आणि लिहून घेतलं. चौथ्या दिवशी फॉर्मवर सही घेताना तिने वाचून दाखवलं, 'माहिती देणारे, स्थानिक जलतज्ज्ञ.' पाणाड्याने तेवढी ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली.

दोन महिन्यांनी बातमी फुटली. डोंगरात खाण होणार होती. धातूचा दगड काढायला अर्धा डोंगर कापायचा, आणि झऱ्याच्या बाजूनेच सुरुवात. गाव खवळलं. सभा झाल्या, सह्या झाल्या, आणि सगळ्यांत पुढे कोण, तर पाणाड्याची सून! ती तालुक्याला चार खेपा घालून कंपनीच्या अहवालाची प्रत घेऊन आली. दोनशे चाळीस पानं. शाळेच्या मोठ्या खोलीत गाव जमलं आणि ती एकेक पान मोठ्याने वाचू लागली.

पाणाड्या मागच्या बाकावर बसला होता. पाण्याचं प्रकरण आलं तसा तो बाकाच्या कडेला सरकला. सून वाचत होती, "डोंगरावर एकही बारमाही झरा नाही. याला दुजोरा दिला आहे तो..." ती थांबली. पेल्यातलं पाणी प्यायली. मग म्हणाली, "एका स्थानिक रहिवाशाने."

तिथे नाव लिहिलेलं होतं हे पाणाड्याला कळलं. ते तिने गाळलं हेही कळलं.

खोलीत गलका झाला. "कोण हा रहिवासी? कोणाची ही जीभ?" पुढून दूधवाल्याने मान वळवली. "पाणाड्या, तू होतास की त्यांच्याबरोबर. तुला काही विचारलं नाही?"

"मी विहिरी दाखवल्या," पाणाड्या म्हणाला.

आणि सगळ्यांना ते पटलं! हाच माणूस झरा नाही म्हणेल ही शंकाही कोणाच्या मनाला शिवली नाही. ज्याने आपल्या हातांनी कुंड बांधलं, तो कसा म्हणेल? उलट एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सून मान खाली घालून पुढचं पान वाचू लागली.

घरी तिने एक अक्षर काढलं नाही. ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला, सकाळी कामाला गेली. ती ओरडली असती, भांडी आपटली असती, तर त्याला जरा मोकळं वाटलं असतं. पण तिच्या गप्प बसण्यात दारही नव्हतं आणि खिडकीही.

इकडे गावाला कोणीतरी हवाच होता, आणि तो सापडला. बाजाराच्या रस्त्यावरच्या शिंप्याने पाहणीच्या दिवसांत आपली पुढची खोली त्या लोकांना राहायला दिली होती. म्हणजे त्यानेच सांगितलं असणार. एकेक करून लोक शिवायला टाकलेलं कापड परत नेऊ लागले. शाळेचे गणवेश दुसऱ्या गावच्या शिंप्याकडे गेले. शिंपी पाणाड्याचा लहानपणापासूनचा मित्र. रोज चार वाजता त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून दोघे चहा प्यायचे. एक दिवस चहाच्या दुकानात विषय निघाला. "शिंप्याचंच काम हे, दुसऱ्या कोणाचं? काय पाणाड्या?" आणि पाणाड्याने मान डोलावली. फार नाही, जराशी. पण डोलावली.

त्या दिवशी चार वाजता तो दुकानात गेला तेव्हा मशीन बंद होतं. शिंपी रिकाम्या टेबलावर खडूने रेघा ओढत बसला होता. न बघताच त्याने विचारलं, "तुला तरी वाटतं का रे, मी असं सांगेन?"

"छे, छे," पाणाड्या म्हणाला. शिंपी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. त्या नजरेचा अर्थ पाणाड्याला तेव्हा लागला नाही. चहा निम्मा टाकून तो घरी आला.

संध्याकाळी सून दूध केंद्रावरून आली. ती हातपाय धुऊन बसते न बसते तोच तो म्हणाला, "माझं नाव का गाळलंस?"

ती पदराला हात पुसत राहिली. "तोंडातून निघेना, बाबा. सगळ्या गावापुढे खोटं वाचलं मी. आता रोज केंद्रावर लोक मला म्हणतात, तू खरी, तू निर्भीड. मला त्यांच्याकडे बघवत नाही. मला वाटलं, दोन दिवसांत तुम्ही स्वतःच सांगाल." मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "काही घेतलंत का त्यांच्याकडून?"

"नाही."

"मग का?"

पाणाड्याने गुडघ्यावरून हात फिरवला. पैसे घेतले असं सांगणंसुद्धा याहून सोपं गेलं असतं. शेवटी तो म्हणाला, "चढवेना."

"काय?"

"गुडघे. त्या पोरीसमोर चढवेना म्हणून म्हटलं, वर काही नाही."

हसावं की रडावं ते सुनेला कळेना. "एवढ्यासाठी?" ती पुटपुटली. मग उठता उठता म्हणाली, "परवा जनसुनावणी आहे. तिथे काय ते करा. पण त्याआधी शिंपीकाकांकडे जाऊन या."

तो शिंप्याकडे गेला नाही. दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा जाऊन मागे फिरला.

जनसुनावणीला शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. टेबलापलीकडे सरकारी अधिकारी, एका बाजूला कंपनीची माणसं. त्यांत ती इंजिनिअर मुलगीही होती. पाणाड्याचा नंबर आला. माईक त्याच्या तोंडापेक्षा वर होता, तो खाली करेपर्यंत सगळं मैदान गप्प झालं.

"झरा नाही असं लिहिलंय ना, ते मी सांगितलं. शिंप्याने नाही, मी. झरा आहे. बारमाही आहे. मी खोटं बोललो."

मागून आवाज आला, "किती घेतलेस रे?"

"काही नाही. माझे गुडघे दुखत होते."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कोणी, आणि बघता बघता अर्धा मांडव हसायला लागला. शिव्या खायची तयारी करून तो आला होता, हसं होण्याची तयारी त्याने केली नव्हती. अधिकाऱ्याने टेबलावर हात आपटला. "पुरावा काय? झरा दाखवाल?"

"दाखवीन."

"उद्या सकाळी आठ वाजता."

सकाळी अधिकारी, कंपनीची माणसं आणि निम्मं गाव डोंगराच्या पायथ्याशी जमलं. सुनेने काठी पुढे केली, ती त्याने घेतली. वाट वीस मिनिटांची, त्याला दीड तास लागला. दर दहा पावलांवर तो बसायचा आणि सगळा लवाजमा उन्हात उभा राहायचा. शेवटच्या कातळावर तो खरंच रांगला, तळहात टेकून, पँट घासत, सगळ्यांच्या देखत. ज्या चित्राला घाबरून त्याने झरा बुडवला होता, ते आता शंभर माणसांनी पाहिलं. मागून इंजिनिअर मुलगी चढत होती. ती त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मीही त्या दिवशी वर यायला हवं होतं, काका. घड्याळ बघत बसले." पाणाड्याने पुढचा हात कातळावर टेकला. तिची चूक तिच्याजवळ, आपली आपल्याजवळ.

कुंड काठोकाठ भरलेलं होतं. ऐन उन्हाळ्यात कातळाच्या फटीतून बोटाएवढी धार पडत होती. अधिकाऱ्याने लिटरची बाटली धारेखाली धरली, ती अकरा सेकंदांत भरली. त्याने ते लिहून घेतलं आणि पाणाड्याची सही घेतली. या वेळी पाणाड्याने सगळा कागद सुनेकडून वाचून घेतला, मगच सही केली.

उतरल्यावर तो तडक शिंप्याकडे गेला. मशीनवर कापड होतं, पण शिंपी पाय हलवत नव्हता.

"माझं चुकलं," पाणाड्या म्हणाला.

"चारचौघांत माईकवर सांगायला धीर झाला," शिंपी म्हणाला. "माझ्या दुकानात येऊन सांगायला नाही झाला. आणि चहाच्या दुकानात मान डोलावलीस ना, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर तुला विचारलं. म्हटलं, आता तरी सांगेल." त्याने सुईत दोरा ओवायला घेतला. "झऱ्याचं काय, तो आहे तिथे आहे. जा आता, काम आहे मला."

चार महिन्यांनी सरकारचं पत्र आलं. झऱ्याची बाजू खाणीतून वगळली होती. उरलेल्या डोंगरासाठी पाण्याची पाहणी नव्याने करायची, तोवर परवानगी नाही. म्हणजे खाण टळली असं नाही, लांबली. सुनेने दुसऱ्याच दिवशी पुढच्या सभेची तारीख लावली. तिने नाव गाळल्याचं तोवर गावात सगळ्यांना कळलं होतं. तिनेच त्या शाळेच्या खोलीत उभं राहून सांगितलं, आणि दोनचार जणींनी आठवडाभर तिच्याशी बोलणं टाकलं. मग त्यांचं त्यांनीच परत सुरू केलं.

गाव मात्र उलटंच बोलू लागलं. या वयात डोंगर चढून झरा दाखवला म्हणे पाणाड्याने! वाचवलं गाव! बाहेरून आलेल्या माणसांना त्याच्याकडे बोट करून दाखवायचे. हे ऐकलं की त्याचा चेहरा पडायचा. "मीच बुडवला होता," तो म्हणायचा, आणि लोक म्हणायचे, "बघा, किती साधा माणूस!"

नव्या पाहणीची जीप त्याच्या दाराशी आली तेव्हा तो बाहेरच्या ओट्यावर होता. त्याने हात जोडले. "वरच्या वस्तीवर एक शेळ्या राखणारी बाई आहे. ती रोज डोंगरावर असते. तिला विचारा, आणि ती नेईल तिथे जा. मला नको."

शिंप्याची गिऱ्हाइकं परत आली. त्याने कोणालाही नाही म्हटलं नाही, गणवेशही पुन्हा घेतले. पाणाड्या चार वाजता जाऊन बाकावर बसतो. शिंपी त्याला ये म्हणत नाही आणि जा असंही म्हणत नाही. चहा एकच मागवतो आणि स्वतः पितो. तासभर मशीन चालतं. मधूनच कापडाचा गठ्ठा आला की तो न बघता म्हणतो, "सरक जरा."

पाणाड्या सरकतो.