झाडून ठेवलेली जागा

आलापल्लीच्या बस स्टँडवर मला पोचवायला बाबा डेपोतून तसेच आले होते, बोटांना डांबर घेऊन. वनविभागाच्या लाकूड डेपोत ते सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याने निशाणी उठवायचे आणि डांबराने नंबर टाकायचे. मी शिष्यवृत्तीवर मॉस्कोला रशियन शिकायला निघालो होतो. बाबांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. "एक ध्यानात ठेव," ते म्हणाले, "निशाणी नसलेलं लाकूड चोरीचं. मग ते कितीही चांगलं राहो."

माझी मोठी बहीण, जिला आम्ही बाई म्हणतो, माझ्या ट्रंकेवर बसली होती. ती हसली. "रशियात काय ओंडके ढोवाले चालला का हा?"

ओंडके मी वाहिले नाहीत, शब्द वाहिले. मॉस्कोत सहा हिवाळे काढले, मग दिल्लीत राहिलो आणि रशियन कथा इंग्रजीत आणत आयुष्य गेलं. तुम्हीही दूर गेला असाल, तर त्या भाषेतले ओसाडीचे आणि एकटेपणाचे शब्द तुम्हाला लगेच कळतील. 'तस्का' म्हणजे कशासाठी ते न कळता जीव तुटणं. 'ग्लूश' म्हणजे हाक मारली तरी कोणाला ऐकू जाणार नाही असा आडभाग. हे दोन्ही मी कसेबसे बसवले. एका ओस गावाच्या कथेतला 'बेज्लूद्ये' मात्र अडला. त्याचा अर्थ माणसं नसणं, एवढाच. 'डेसोलेशन' म्हटलं की काहीतरी उद्ध्वस्त झालेलं दिसतं आणि कथेतल्या गावात एक कौलही फुटलेलं नव्हतं. 'लोनलिनेस'ला एकटं पडलेलं निदान एक माणूस लागतं. तिथे तेही नव्हतं.

शेवटी मी बाईला पत्र टाकलं. ती चौथी शिकलेली. लिहिलं, काही मोडलं नाही, जळलं नाही, फक्त माणसं नाहीत, अशा जागेला तू काय म्हणशील?

तिचं उत्तर आलं: "मोह सरला का झाडाखाली जाऊन पाहजो. फुलं वेचाले झाडून ठेवलेलं राह्यते, पण येनारं कोनी नाई. तू गेल्यापासून आपलं आंगन मले तसंच दिसते."

मोहाची फुलं पहाटे गळतात, ती वेचता यावीत म्हणून आमच्याकडे झाडाखालची जमीन झाडून ठेवतात. त्या पत्रातून मी दोन शब्द उचलले: 'स्वेप्ट ग्राउंड'. त्या कथांचं पुस्तक गाजलं ते या दोन शब्दांवर. दिल्लीच्या एका सभेत कोणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणालो, "मॉस्कोबाहेर बर्फात चालताना." टाळ्या पडल्या. पुढे चाळीस वर्षं मी तेच उत्तर देत राहिलो. त्या काळात बाईने आईबाबांचं म्हातारपण एकटीने काढलं आणि मी दोघांच्या दिवसकार्यापुरता येऊन गेलो. पत्रातलं अंगणाचं वाक्य मी कोणालाच सांगितलं नाही, कारण ते माझ्यावर होतं.

गेल्या वर्षी नवी आवृत्ती निघायची ठरली. मी म्हणालो, पहिल्या पानावर माझ्या नावाशेजारी बहिणीचं नाव हवं आणि तिचं पत्र तिच्या अक्षरात हवं. संपादक म्हणाले, शेवटी आभार मानू की. मी म्हणालो, मग माझंही नाव काढा. पंधरा दिवसांनी ते तयार झाले. आता बाईला विचारायचं उरलं होतं आणि त्याची भीती मला संपादकापेक्षा जास्त होती. फोनवर सगळं सांगितलं.

"म्हंजे माह्या आंगनावर तू चाळीस वर्षं टाळ्या घेऊन राह्यला होता?"

"हो."

"आन आता काऊन सांगून राह्यला?"

"निशाणी राहिली होती, बाई."

"छाप. पन माफ केलं असं समजू नोको. मोहाच्या दिवसात पुस्तक घेऊन ये, मंग पाहीन."

चैत्रात चंद्रपूरहून बस धरली. गोंडपिपरी गेली, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी साग सुरू झाला. बाई ऐंशीची, तरी मोहाखालीच भेटली. दुपार होती, शेजारणी फुलं वाळत घालत होत्या. मी पुस्तकाचं पहिलं पान उघडून दिलं. इंग्रजीत छापलेल्या स्वतःच्या नावावरून तिने बोट फिरवलं आणि पान उलटलं. समोर तिचंच अक्षर. तिने ते मोठ्याने वाचलं, अंगणाच्या वाक्यापर्यंत आणि त्या वाक्यासकट. आवाज कुठे अडला नाही.

"बाईनं इंग्रजीत पुस्तक लिवलं वो!" एक शेजारीण ओरडली.

"लिवलं तं लिवलं," बाई म्हणाली. "ह्यानं फकस्त नेऊन देल्लं." मग माझ्याकडे वळून, "बाबा असते तं पहिले निशानी तपासली असती."

"आणि मग?"

"मंग माल सोडला असता." हे म्हणून तिने खराटा माझ्या हातात दिला. "आला हायेस तं झाड. उद्या पहाटं फुलं पडतीन."

ज्यांनी गाव सोडलं आणि जे मागे राहिले, त्या दोघांनाही सांगतो: त्या दुपारी मी एवढा खूश होतो, की पाठ दुखत असूनही झाडत राहिलो. ज्या जागेसाठी मी इंग्रजी शब्द शोधला, तिच्यात मी उभा होतो आणि आता तिथे माणसं होती, तिला तो शब्द लागू पडत नव्हता. घर म्हणून मला आता तेवढीच जमीन ओळखता येते, एका झाडाच्या सावलीएवढी.

"तो कोपरा राह्यला," बाई म्हणाली.

मी कोपरा झाडला.