कपाट घेतलेला माणूस

एक जूनला आमच्या कारखान्यात निम्म्या लोकांचा वाढदिवस असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा, आणि घरच्यांनी सांगितलं, ज्वारीला कणसं आली होती तेव्हाचा, की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझाही तोच. इतकी वर्षं त्याचं कुणाला काही नव्हतं. मग कंपनीनं सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं आणि एक जूनच्या सकाळी अख्ख्या खात्यातले मोबाईल एकदम वाजायला लागले. फुगे, केक, खाली ज्याचं त्याचं नाव. माझ्या शेजारच्या यंत्रमागावरचा अक्कलकोटकडचा गडी म्हणाला, "आपली समद्यांची आई एकच दिसती की रं."

सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. घरापासून इतक्या लांब मला कुणी केक पाठवला नव्हता कधी.

माझं गाव वाशिमच्या पुढे. शाळा आठवीत सुटली. कुणी काढलं नाही, मीच जायचा थांबलो. एका ठेकेदाराबरोबर बांधकामावर म्हणून सोलापुरात आलो, ते काम संपलं, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. तिथं मला जॉबर अण्णा भेटले. जॉबर म्हणजे माग बिघडला तर दुरुस्त करणारा आणि नवीन माणसाला हाताखाली घेऊन शिकवणारा. अण्णांच्या घरात तेलुगू बोलतात. आमच्याशी ते मराठीत बोलायचे आणि अडलेल्या मागाशी तेलुगूत. त्यांनी मला मागावर उभं केलं. मला ताप आला तेव्हा त्यांच्या घरून डबा यायचा, आणि मी बरा झाल्यावरही काही दिवस येत राहिला, कारण बंद करा असं म्हणायला मला लाज वाटत होती. अण्णांचे उपकार असे मोजता येत नाहीत. म्हणून मी काम चुकू दिलं नाही, एवढंच.

पूर्वी हजेरी मुनीम घ्यायचा. आता गेटवर मशीनला चेहरा दाखवायचा. रजा, पगाराची पावती, काय दाखला हवा असेल तर तो, सगळं ॲपमधून मागायचं. हे सगळं बघायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांना एचआर मॅडम म्हणत. वयानं माझ्याएवढ्याच असतील. बोलायला चांगल्या, पण मला त्यांची भीती वाटायची. काचेच्या खोलीत बसणाऱ्या कुणाचीही मला भीतीच वाटते.

तेवढ्यात बातमी आली की बिनधोट्याचे, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याशिवाय आपोआप विणणारे नवे माग येणार. आमचे जुने माग टप्प्याटप्प्यानं भंगारात जाणार, आणि ज्यांना नव्या मागाचं ट्रेनिंग मिळेल तेच पुढं कामावर राहणार. असं कुणी तोंडानं बोललं नाही, पण जुना मागच राहिला नाही तर जुना विणकर कशावर उभा राहणार, हे कळायला शाळा लागत नाही. ज्यांची निवड झाली त्यांना ॲपवर मेसेज आले. अक्कलकोटच्या गड्याला आला. माझ्यानंतर लागलेल्यांना आला. मला आला नाही.

मी मोबाईल बंद करून चालू केला. नेट तपासलं. नंतर काही दिवस गप्पच राहिलो, उशिरानं येईल म्हणून. शेवटी अण्णांनीच विचारलं, "तुझं कसं काय?"

"नाही आलं, अण्णा."

"तुझं नाव मी पयलं दिलतं की. वर कुटं गळालं बघ. जाऊन इचार."

मी ऑफिसच्या दाराशी चपला काढल्या. मॅडम आतून म्हणाल्या, "अहो, घालून या." मी नुसती मान हलवून अनवाणीच आत गेलो.

"मॅडम, माझं काही चुकलं असेल तर सांगा. मला मेसेज आला नाही."

त्यांनी संगणकावर माझं नाव काढलं. "काम चांगलं आहे तुमचं. हजेरी चांगली. माल खराब निघायचं प्रमाणही कमी. सगळं हिरवं आहे." मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "शेवटचा रंग मात्र लाल आहे."

"लाल म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही लवकरच काम सोडून जाल, असं दिसतंय. ट्रेनिंगवर कंपनीचा खर्च होतो. त्यामुळे लाल रंगातल्यांना या वेळी घेतलेलं नाही."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. सगळी माहिती एकत्र करून ॲपच काढतं."

"मी कुठं जाणार, मॅडम," मी म्हणालो. म्हटल्यावर माझं मलाच कळलं की जाणारा माणूसही अगदी हेच म्हणतो. बाहेर येताना मी मनात एकेकाचा चेहरा आणून बघत होतो, कुणी चुगली केली असेल म्हणून. माणसानं सांगितलेलं नाही, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

चहाच्या वेळी मी अण्णांना सांगितलं. अक्कलकोटचा गडी शेजारी उभा होता, त्यानंही ऐकलं.

"जाणार हाईस व्हय रं?" तो म्हणाला. "आमाला न्हाय सांगितलंस ती."

"कुठं जातोय. मलाच आज कळलं."

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "शिकवलं न्हाय तर जाशीलच की, काम कुटाय मग? आन मशीन म्हननार, बगा, मी म्हनलं नव्हतं?"

गडी म्हणाला, "अण्णा, ह्याचं घर बगितलंय का तुमी? एक बॅग, एक सतरंजी, खुंटीला दोन शर्टं. मलाबी वाटंल ह्यो जाणार म्हून. तू असं कर, कपाट घे. लोखंडी. कपाट घेतलेला माणूस पळत न्हाय. जिन्यातनं वर चढवताना जीव जातो, खाली उतरवायची इच्छाच ऱ्हात न्हाय."

"कपाट तर सासरा देतो."

"मंग सासऱ्याचं काम हलकं कर."

तो चेष्टा करत होता. पण माझा स्वभाव असा की भीती वाटली की कुणीही दिलेला सल्ला मला खरा वाटतो. रविवारी मी जुन्या फर्निचरच्या दुकानातून एक लोखंडी कपाट घेतलं, हिरव्या रंगाचं, एका दाराला आरसा असलेलं. टेम्पोतून उतरवलं तर जिना अरुंद. अक्कलकोटचा गडी आणि अण्णा, दोघंही आले. वळणावर कपाट अडकलं तेव्हा गडी खालून म्हणाला, "सल्ला देणाऱ्यालाच उचलाय लावलं की." संध्याकाळी मी बॅगेतले कपडे काढून आत लावले. एक कप्पाही भरला नाही.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. दोन वर्षांपासून ती माझ्यासाठी स्थळं बघत होती. गावाकडं शेती थोडी, शिक्षण आठवी, त्यामुळे मुलीकडचे पहिलं विचारायचे, नोकरी खरी कशावरून? मग मी कंपनीचा दाखला पाठवायचो. पहिलं स्थळ फिसकटलं, दाखला त्यांच्याकडंच राहिला. दुसऱ्यांनी नवा मागितला. तिसरे म्हणाले, ताज्या तारखेचा पाहिजे, मधल्या काळात काढून टाकलं असलं तर काय घ्या. तोही पाठवला होता, आणि आता त्यांचाच निरोप आला होता.

आई म्हणाली, "पोरीचा मामा म्हनते, पोरगं पुन्यात असन तं पाहू. सोलापूर त्याइले पसंत नाई. तू पुन्याले नाई जाऊ शकत काय?"

"आई, माझं इथंच नाव येईना ट्रेनिंगात."

"मंग तं सोपंच हाय ना बापू. जाय पुन्याले."

मी म्हणालो, उद्या सांगतो. रात्री कपाटाच्या आरशात मी दिसत होतो, सतरंजीवर पडलेला. पुण्याला गेलो तर परत हेल्पर. तिथं कुणी अण्णा भेटतील असं काही नाही. एका आयुष्यात असा माणूस एकदा भेटला, हेच मला जास्त वाटत होतं. सकाळी आईला सांगितलं, पुण्याचं नाही म्हण. ती रागावली नाही. नुसतं "बरं" म्हणाली, त्याचंच वाईट वाटलं.

मग मी परत मॅडमकडं गेलो. गॅसचं कार्ड आणि भाड्याच्या पावत्या बरोबर घेतल्या होत्या. आधी मोबाईलवरचा फोटो दाखवला.

"हे काय?"

"कपाट आहे, मॅडम. रविवारी घेतलं."

मॅडमनी फोटो नीट बघितला. "छान आहे. पण हे मी यात कुठं भरू, सांगा." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं आणि वाचायला लागल्या. "तुम्ही दोनदा पत्ता बदललात."

"पहिल्या घरमालकाच्या मुलाचं लग्न झालं, त्यांना खोली लागत होती. दुसरी पावसात गळायची."

"रजा सगळी एकदम घेता."

"गाव लांब आहे, मॅडम. एका दिवसाच्या रजेत मी वाटेतच राहीन."

"आणि तीन वेळा अनुभव प्रमाणपत्र मागितलंय. हेच सगळ्यात जड पडतं. ते सोडून जाणारेच मागतात, दुसरीकडं दाखवायला."

माझे कान तापले. ॲपमध्ये दाखल्याची दोन-तीन नावं होती, त्यातलं प्रमाणपत्र हे मला वजनदार वाटलं होतं. माझ्याकडं शाळेचं एकही नव्हतं. "मॅडम, ते मी दुसऱ्या कंपनीला नाही दाखवलं. मुलीकडच्यांना दाखवलं. तीन स्थळं आली होती."

मॅडम तोंडावर हात ठेवून हसल्या. त्यांचं हसू मला लागलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी कारणांच्या चौकटीत काहीतरी शोधलं. "लग्न असं कारण आहे इथं. पण ते लिहिलं तर लाल रंग आणखी गडद होतो. लग्नानंतर माणसं गाव बदलतात, असं याला शिकवलंय."

"मग?"

"मग मी स्वतःच्या जबाबदारीवर नाव घालू शकते. पण तुम्ही गेलात तर ते माझ्या नावापुढं दिसणार. मलाही रंग असतो. कोणता ते विचारू नका, घरचे रोज विचारतात पुण्याला परत कधी येतेस." मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाल्या, "जाणार नाही ना?"

नाही म्हणून मोकळं व्हायचं होतं. पण तोंडातून सगळं निघालं. आईचा फोन, पुण्याची अट, रात्रभर विचार केला होता तोही. सांगून झाल्यावर वाटलं, घालवलं आपण. गेलो असतो का, या प्रश्नाला माझ्याकडं पूर्ण नाही असं उत्तर नव्हतं. एका रात्रीपुरता तरी ॲपचा हिशोब बरोबर होता.

मॅडम म्हणाल्या, "एवढं सांगितलंत तर आता तुमच्यावरच सोडते." आणि त्यांनी काहीतरी दाबलं. माझ्या खिशातला मोबाईल वाजला. मी तो तिथं बघितला नाही. जिन्यात येऊन बघितला.

नवे माग शिकायला मला इतरांपेक्षा वेळ लागला. पडद्यावरच्या खुणा पाठ कराव्या लागल्या. अण्णाही आमच्याबरोबर शिकत होते, आणि नवा माग अडला की त्याच्याशीही तेलुगूतच बोलत होते. अक्कलकोटचा गडी सगळ्यात लवकर तयार झाला. स्वतःचं घर, बायको, मुलं, शेत, त्याचा रंग पहिल्यापासून हिरवा. दिवाळीच्या आत त्याला दुसऱ्या कारखान्यानं बोलावलं आणि तो गेला. ॲप खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्याच्याही मनात आधी नव्हतं. जाताना मला म्हणाला, "कपाट कुणाला इकू नको. मी उचललंय ती."

पुढच्या स्थळातले मुलीचे वडील अक्कलकोटला दर्शनाला आले होते, जाताना माझी खोली बघायला थांबले. मी चहा ठेवला. ते उठून कपाटापाशी गेले, बोटांनी ठोकून बघितलं, आरशात स्वतःची टोपी नीट केली.

"हे घरमालकाचं काय?"

"नाही, माझं आहे."

"मंग राहाचं इथंच हाय म्हना तुमाले."

"हो," मी म्हणालो.

तरी कंपनीचा कागद त्यांनी मागितलाच. तो मी ॲपमधून मागितला नाही. मॅडमकडं गेलो, त्यांनी साध्या कागदावर टाईप करून शिक्का मारून दिला आणि बजावलं, पुढंही असंच यायचं.

लग्न होऊन आता थोडे महिने झालेत. कपाटाचे सगळे कप्पे भरले, माझ्या वाट्याला खालचा एक राहिलाय. मॅडम म्हणाल्या, तुमचा रंग आता पिवळा आहे, आणि वर्षाचा आढावा होईपर्यंत ॲपमधली विवाहित-अविवाहितची चौकट बदलू नका, नाहीतर परत लाल होईल. मी हे घरी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"म्हंजे कंपनीत मी अजून नाईच काय?" ती म्हणाली.

"नाहीस. आढाव्यापर्यंत."

"मंग डबा कोन देते म्हनून सांगता तिथं?"

मी म्हणालो, तसं ते विचारत नाही. तिनं माझा शर्ट खालच्या कप्प्यात ठेवला आणि दार लावलं.