मटारामागचा चेंडू

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कुलपं दुरुस्त करतात; पण त्यांना सगळे ‘चिठ्ठीवाले’ म्हणून ओळखतात. कुठलीही स्पर्धा असो, कोण कुणाशी खेळणार याच्या जोड्या काढायला बोलावणं त्यांनाच. पूर्वी चिठ्ठ्या असत. आता आकडे घातलेले प्लास्टिकचे चेंडू आणि मी शिवलेली काळी पिशवी. त्यांनी लावलेल्या जोडीबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही. घरात टीव्हीचा रिमोट कुणाकडे, हेसुद्धा ती पिशवीच ठरवायची.

“हे मानांकन म्हणजे काय हो?” मी एकदा विचारलं होतं.

“वहिनी, घरच्या कार्यात भांडकुदळ आत्यांना तुम्ही दोन टोकांना बसवता ना? तसंच. दोन तगडे खेळाडू जोड्यांच्या तक्त्याच्या दोन टोकांना. नाहीतर फायनल पहिल्याच दिवशी उरकेल!”

स्पर्धेच्या जोड्या लागायच्या त्या सकाळी मटार काढायला फ्रीजर उघडला, तर मागे पाच नंबरचा चेंडू. पाच नंबर आमच्या चिमणीचा. ही भाऊजींची लेक, आईविना माझ्याच हाताखाली वाढलेली, बॉक्सिंग खेळणारी. डाव्या डोळ्यावर आणखी एक जोराचा ठोसा बसला तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. “ही शेवटची स्पर्धा, काकू,” म्हणून ती हटून बसली होती. आणि तिच्या गटात पहिलं मानांकन होतं ‘बुलडोझर’ म्हणून गाजलेल्या मुलीला. तिच्या उजव्या हाताने आजवर कितीजणी झोपवल्या होत्या.

“भाऊजी, हा मटारात काय करतोय?”

ते पांढरेफटक पडले. “कुणाला बोलू नका. गार चेंडू बोटांना कळतो. वरचा अर्धा तक्ता बुलडोझरचा. तो भरेपर्यंत मी याला हात लावणार नाही. चिमणी खाली गेली, की फायनलपर्यंत दोघींची गाठ नाही. आणि तिथवर ही कसली पोचतेय? दुसऱ्या मानांकनाची मुलगी खालीच आहे, ती हरवेल हिला. हात हलका आहे तिचा.”

“आणि बुलडोझरपुढे हिच्याऐवजी जी जाईल, तिचे आईबाप?”

त्यांनी चेंडू रुमालात गुंडाळला.

सगळ्यांसमोर पिशवीत हात गेला, जोड्या लागल्या, टाळ्या पडल्या. चिमणी खालच्या भागात.

पहिल्याच दिवशी बुलडोझरसमोरच्या पोरीला स्ट्रेचरवरून नेलं. भाऊजी जेवले नाहीत. दुसऱ्या मानांकनाची मुलगी तापाने फणफणली, आलीच नाही. सेमीफायनलची मुलगी अगदीच नवखी निघाली. चिमणीच्या वाटेतला एकेक अडसर सरत गेला.

फायनलला ती रिंगमध्ये चढताना खाली वाकली. “बाबा, तुमचाच हातगुण हं! याहून सोपा तक्ता मिळाला नसता.”

समोरच्या कोपऱ्यात बुलडोझर उजवा खांदा सैल करत होती.

मी भाऊजींच्या कानाशी लागले. “अजून वेळ आहे. सांगून टाका. जोड्या खोट्या निघाल्या, की गट रद्द.”

“मग मला कोण विचारेल, वहिनी?”

“डोळा तिचा आहे.”

ते उठले. तोंड उघडलं. चिठ्ठीवाले लेकीसाठी उभे राहिले असं वाटून अख्ख्या हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी शिट्टी मारली. चिमणीने हसून ग्लोव्ह हलवला.

भाऊजी हळूहळू खाली बसले. तेवढ्यात घंटा झाली.