लातूरच्या खोलीतली नॉर्वेवाली

मेसवाल्या मावशींचा फोन आला. "तुमची रोहिणी दोन पेपरला बसलीच न्हाई." मी गॅस बंद केला, पिशवीत केळी भरली आणि निघाले. नवरा म्हणाला, उद्या जा. उद्या कशाला? पोरगी आज बिघडून राहिली होती.

लातूरला क्लासला पोरं ठेवलेल्या आयांनो, हे तुमच्यासाठी. मी सहावीपर्यंत शिकलेली. मी बोलते, मोबाइल लिहितो, तो चुकला की मी त्याच्यावर ओरडते.

अर्धापूरहून नांदेड जवळच. नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी सहसा लागलेली असते, बायकांना अर्धं तिकीट. सकाळी निघालात तर डाव्या बाजूला बसू नका, पार लातूरपर्यंत ऊन तोंडावर येतं. अहमदपूरला गाडी थांबते. भजी गरम होती, चहा म्हणजे नुसता पाक. कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, भजी गाडीत खा, गाडी भज्यासाठी थांबणार न्हाई!" मी म्हटलं, "तुमच्या हातात काय हाय मग?" त्याच्याही हातात भजीच होती.

चाकूरपासून क्लासचे बोर्ड सुरू होतात. प्रत्येक बोर्डावर कुणाची तरी पोरगी हसत असते. मी एकूणएक पोरीवर जळले, खोटं कशाला बोलू? माझ्या लहानपणी लातूर म्हटलं की लोक भूकंप म्हणायचे. आता क्लास म्हणतात.

होस्टेलवर पोचले तेव्हा रोहिणी बाहेर गेलेली. खोलीत तिच्या जोडीदारणीची आई बसली होती. उदगीरच्या कापड दुकानवाल्या, सगळे त्यांना अक्का म्हणतात. बसले नाही तोच सुरू झाल्या. "आमची पोरगी पहिल्या बॅचला हाय. तुमची?"

मी भिंतीकडं पाहिलं. रोहिणीच्या पलंगाच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. एका ओळीत एक, वरून खाली.

"हे बघा की अक्का. सहा, अकरा, एकोणीस, चोवीस. चढत गेली का न्हाई?"

"कितीपैकी?"

"तीसपैकी असतील."

"अन् हे शून्य?"

"तवा टायफाइड झाल्ता तिला."

रोहिणीला जन्मात टायफाइड झालेला नाही. पण त्या बाईपुढं मी हरणार नव्हते. वर कागदाचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. 'रोहिणीचे मार्क. मधी टायफाइड झाला होता.'

रोहिणी आली ती चिखलाचे बूट हातात घेऊन. ग्रुपवरचा फोटो पाहिला आणि बूट तिथंच टाकले.

"आई, हे मार्क न्हाईत. गोल हायेत."

"कुणाचे?"

नॉर्वे देशातल्या एका बाईचे. फुटबॉल खेळते, सगळ्यात पुढं. नाव घ्यायला गेले की माझी जीभ अडकते, म्हणून मी तिला नॉर्वेवाली म्हणते. अक्कांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या, मला दिसलं.

रोहिणीला त्या बाईचं सगळं पाठ. मासे धरणाऱ्यांच्या गावात जन्मली, पोरांच्यात खेळली, पंधराव्या वर्षी मोठ्या शहरात गेली, मग देशाकडून, मग परदेशात. कागदावर एक ओळ म्हणजे तिचं एक वर्ष. शून्याच्या वर्षी गुडघा मोडला. ऑपरेशन झालं, नऊ महिने डॉक्टर, मालीशवाले, आई उशाशी. रोहिणीला त्या आईचं नावसुद्धा ठाऊक!

मी विचारलं, "माझं गाव सांग बरं."

"औशाकडं कुठंतरी."

माझ्या अंगाची आग झाली. सतरा वर्षं मी डबे केले आणि पाठ झाली नॉर्वेवाली.

मग तिनं दप्तरातून फॉर्म काढला. येत्या रविवारी जिल्ह्याच्या फुटबॉल टीमची निवड होती. पालकाची सही पाहिजे. सरावासाठीच पेपर बुडवले होते. मी फॉर्म घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. "उद्या मामाकडं चल. तोच बघंल तुझ्याकडं."

लातूर ते औसा गाड्या भरपूर. पुढं जीप, दाटीवाटीची. माझं माहेर किल्लारीच्या बाजूला. नवं गाव सिमेंटचं, ओळीत बसवलेलं, तिथं माझा भाऊ राहतो. पण मी आधीच्या फाट्यावर उतरले आणि रोहिणीला जुन्या गावात नेलं. बाभळी आणि दगड. कुणी फिरायला जावं असं तिथं काही नाही.

"हितं आमची चौकट होती," मी म्हटलं. "गणपती बुडवून झोपलो, पहाटे भिंत आली. भाऊ वाचला. माझा पाय खाली."

"कोणता?"

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"डावा. गुडघा."

"मग ऑपरेशन?"

"कसलं ऑपरेशन! पत्र्याच्या शेडमधी महिनाभर पडले, मग पाणी भरायला उठले. शाळा लांब गेली, मी काय लंगडत जाणार? त्याआधी खो-खोत मला कुणी शिवू शकत नव्हतं, सांगून ठेवते. तुझ्या त्या बाईला नऊ महिने पलंग मिळाला. मला नळाची रांग मिळाली!"

मी ओरडतच होते. रोहिणी मातीत बसली. माझा पाय सरळ केला आणि गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. "इथं दुखतं ना? पायऱ्या उतरताना जास्त?"

बरोबर तिथंच दुखतं.

"तुला कुणी शिकवलं?"

"तिचा गुडघा गेला तवा सगळं वाचलं मी."

मी फॉर्म काढला. घामानं ओला झाला होता. "पेन दे. बुडवलेले दोन्ही पेपर पुढच्या आठवड्यात द्यायचे. न्हाई दिले तर मीच येऊन टांगा मोडीन." दगडावर कागद ठेवून सही केली. भावाकडं जेवलो. तो रागवायला बसला, तेव्हा मीच त्याला गप केलं.

जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, लातूर स्टँडवर परतीच्या गाडीला दुपारी लई गर्दी असते.

घरी आले तर ग्रुपवर सगळ्यांनी अभिनंदन केलेलं. जाऊबाईंनी लिहिलं होतं, 'आमच्या पोराला दाखवते हे.' दोन दिवस मला ते गोड लागलं. मग लिहिलं, 'हे मार्क न्हाईत. नॉर्वेच्या एका बाईचे गोल हायेत. रोहिणीनं दोन पेपर बुडवले, रविवारी ती खेळणार हाय, सही मी केली. टायफाइड कुणालाच झाला न्हाई.'

नॉर्वेवालीवर मी अजून जळते. तिच्या पलंगावर, तिच्या नऊ महिन्यांवर. पण रोज संध्याकाळी रोहिणीचा फोन येतो, आधी विचारते, केला का व्यायाम? टाचेखाली उशी, पाय ताठ, दहा मोजायचे. त्या बाईनंही हाच केला होता म्हणे. मोजताना मला तो कागद आठवतो. शून्याच्या खाली दोन लिहिलेलं होतं. त्याच्या खाली तेरा.