रानबाच्या दगडाकडे पाठ

आबा खडीच्या खाणीत दगड फोडायचे. घरी यायचे ते भुवयांपासून नखांपर्यंत पांढरे होऊन. आई आधी अंगणात त्यांच्यावर पाणी ओतायची, मगच आत घ्यायची. पावसाळ्यात खाण बंद पडली की आमची चूल रानबाच्या दगडावर चालायची. गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, आबा गेले," आणि मला इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या बर्फात पहिल्यांदा तो दगडच आठवला.

रानबा हा आमच्या डोंगरातला दरोडेखोर, सुलतानांच्या काळातला. दुष्काळात त्यानं किल्लेदाराचं कोठार फोडून धान्य वाटलं. वाटताना ज्यांनी पाहिलं, त्यांच्यातल्याच एकानं किल्लेदाराचा मार सोसवेना म्हणून त्याचं नाव सांगितलं आणि रानबा धरला गेला. तेव्हापासून गावाचा रिवाज असा, की अमावस्येला ज्याच्याकडे असेल त्यानं वेशीवरच्या दगडावर धान्य ठेवायचं आणि पाठ करून उभं राहायचं. ज्याला लागेल तो नेतो. वळून कोणी बघत नाही. लहानपणी मी आबांना विचारलं होतं, रानबा आता खाणमालकाला लुटायला का येत नाही? आबा म्हणाले, "एकट्यानं केलं की एकटाच धरला जातो. मागं पाठ फिरवणारं गाव लागतं. ज्यानं बघितलंच नाही, त्याला मारून तरी काय विचारणार?"

त्या दगडावरच्या ज्वारीवर वाढलेला मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी कुठेही ताठ मानेनं सांगतो. नोकरी लागल्यावर आबांची खाण सोडवली, पण खाणीनं आबांना सोडलं नव्हतं. ते इथे आले तेव्हा जिना चढताना दर पायरीला थांबायचे. जुना आजार इन्शुरन्समध्ये बसत नव्हता, आणि डॉक्टर म्हणाले, बसला असता तरी फुप्फुसातली धूळ बाहेर काढता येत नाही. डिग्रीचा एवढाच उपयोग झाला, की डॉक्टरांचं बोलणं मला नीट समजलं...

आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये एक शेल्फ आहे, नको असलेल्या वस्तू ठेवायला. अमावस्येला आबांनी त्यावर तांदूळ आणि मूगडाळीची पिशवी ठेवली आणि ड्रायरशेजारी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझी मुलगी ईरा म्हणाली, "आबा, व्हाय आर यू फेसिंग द वॉल?" मी समजावलं, लोक घाबरतील, मॅनेजरकडे कंप्लेंट करतील. आबांनी मान वळवली नाही. "इथं कोणाची चूल बंद पडत नाही का रे?" त्या हिवाळ्यात बिल्डिंगमध्ये ले-ऑफ झालेली घरं होती.

ते गावी परतले. गेल्या महिन्यात ते वारले तेव्हा माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं होतं. वकील म्हणाले, आत्ता देश सोडलात तर परत येण्याची खात्री देता येत नाही. बुक केलेलं तिकीट मी कॅन्सल केलं. भावानं व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला होता. अंगणात, जिथे आई पाणी ओतायची तिथेच, आबांना शेवटची अंघोळ घातली. ज्यानं आयुष्यभर न बघायला शिकवलं, त्याचं जाणं मी नुसतं बघत होतो. दुसरं काही करताच येत नव्हतं... नेटवर्क गेलं, आणि तेही संपलं.

परवा अमावस्या होती. दुपारी ईराला घेऊन लाँड्री रूममध्ये गेलो, तांदळाची पिशवी शेल्फवर ठेवली आणि दोघं आबांच्या जागी भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. ड्रायर फिरत होता. दार उघडलं, ओले बूट वाजले, पिशवी सळसळली, दार मिटलं.

"कॅन वुई लुक नाऊ?" ईरानं हळूच विचारलं.

"थोडं थांब."

मग वळलो. शेल्फ रिकामं होतं. तांदूळ कोणी नेले, आम्हा दोघांनाही माहीत नाही.