मशीनची भाकर

आमच्या कंडक्टर मामांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. सारी नोकरी एसटीत गेलेली, भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. निवृत्त झाले तरी तो आवाज काही त्यांनी आगारात जमा केला नाही. लग्नाच्या पंगतीत उभे राहिले, की "सरका पुढं, पुढं जागा हाये!" आणि माणसं ताटासकट खरोखर सरकायची. जाफराबादला त्यांनी घरात बसून "मीठ कमी हाये" म्हटलं, की समोरच्या घरातल्या बायका हसायच्या.

म्हणून त्या दिवशी फोनवर त्यांचा दबका आवाज ऐकला आणि मी हातातलं काम टाकून उठले. मामीला लकवा होऊन गेला होता. उजवा हात गेला होता, बोलणं तुटक झालं होतं. मला वाटलं, पुन्हा काहीतरी झालं.

"न्हाई माय, मामी बरी हाये," मामा कुजबुजले. "तू जालन्यात हायेस म्हणून ईचारून राह्यलो. ते घरी पाव करायचं मशीन भेटतं म्हणं. पीठ टाकलं, बटन दाबलं, की झालं. मोबाइलवर पाह्यलं मी. घ्यावं का? चौकशी कर. पण कोणाला बोलू नको बिलकुल."

ज्या घरात पाव फक्त आजारी माणसासाठी यायचा, तिथं पावाचं मशीन! मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. पण मामा असे गुपचूप बोलतात तेव्हा प्रकरण साधं नाही, एवढं मला कळलं होतं.

मामीचा सगळा अभिमान तिच्या चुलीत होता. "आमच्या घरी बाप्याला पाण्याचा तांब्यासुद्धा भरून घ्यावा लागला न्हाई कधी," हे ती दर हळदीकुंकवाला एकदा तरी म्हणायचीच. गल्लीतल्या एकीचा नवरा सकाळचा चहा करायचा, तर मामीनं पदर तोंडाला लावला होता. "मी तर लाजंनं मेले असते माय," म्हणाली होती. मामाही हे सगळं ऐकून मिशीला पीळ द्यायचे आणि जागेवरूनच पाणी मागायचे. असं त्या दोघांचं छान जमलेलं होतं.

लकव्यानंतर सकाळी एक बाई येऊन भाकरी करून जायची. पण संध्याकाळपर्यंत त्या वातड होत, आणि मामीला एकाच बाजूनं चावता यायचं. तिला गरम, मऊ भाकरच लागायची. त्या फोननंतर मी एकदा संध्याकाळी गेले, तर दार आतून बंद आणि टीव्हीवर कीर्तन इतकं मोठं की कीर्तनकारालाच लाज वाटावी. त्या आवाजाच्या मागून थाप थाप ऐकू येत होतं. बऱ्याच वेळानं मामांनी दार उघडलं. हात कोपरापर्यंत ओले आणि मिशीला पीठ.

"मामा, मिशी एकदम पांढरी झाली की," मी म्हणाले.

मामा हसले नाहीत. मिशी पुसली, बाहेर डोकावून दार पुन्हा लावलं. "कोणाला सांगू नको," एवढंच म्हणाले. मला त्यांचा रागच आला. जन्मभर तिच्या हातचं खाल्लं, आणि तिच्यासाठी चार भाकरी थापल्या तर एवढी लपवाछपवी! मर्दपणाला धक्का लागतो म्हणे. मशीनही ही लाज झाकायलाच हवंय, असं मग मी ठरवूनच टाकलं.

पुढच्या आठवड्यात मामा जालन्याला आले. इस्त्रीचा सदरा घालून, परीक्षेला निघाल्यासारखे. भांड्यांच्या मोठ्या दुकानात आम्ही ते मशीन काढायला लावलं. पोरगेलासा दुकानदार भराभरा सांगू लागला: मैदा टाका, यीस्ट टाका, मळणं, फुगवणं, भाजणं सगळं आतल्या आत.

"ज्वारीची भाकर होती का यात?" मामांचा आवाज परत आला होता. सगळं दुकान वळून पाहू लागलं.

"न्हाई काका, पावच होतो. भाकरीला घरात मंडळी न्हाईत का?"

मामांनी क्षणभर इकडंतिकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडे बोट केलं. "हिच्यासाठी पाह्यजे! नोकरीवाली हाये. हिला भाकर येत न्हाई!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या ऑफिसातली एक बाई तिथं कुकर घेत होती, ती गालात हसली. जिच्या भाकरीला सासरचे लोक नावाजतात, ती मी, खाली मान घालून कढयांकडे बघत राहिले. आणि ज्यात भाकर होत नाही ते मशीन मामांनी खुशाल बांधून घेतलं.

त्यांना सोडायला मी जाफराबादच्या गाडीत बसले आणि गाडी सुटताच भडकले. "मामा, त्यात भाकर होत नाही. मामी पाव खात नाही. आणि तुमची लाज झाकायला माझी कशाला काढली?"

मामा खिडकीतून बाहेर पाहत बसले. मांडीवर खोकं होतं. मग त्या कुजबुजीच्या आवाजात म्हणाले, "मला कशाची लाज, माय? लहानपणी बापासंग मेंढरामागं गेल्तो तवा बाप्येच थापायचे भाकरी. तीन दगडांची चूल आन् वरून वारा. माझी भाकर फुगायची बराबर." मांडीवरचं खोकं सरळ करून म्हणाले, "तिला लाज वाटती. नवऱ्याच्या हातचं खावं लागतं म्हणून भिताडाकडं तोंड करून जेवती. अर्धी भाकर टाकून देती. दार लाव म्हणती, टीव्ही मोठा कर म्हणती, लोक ऐकतील म्हणती. सुकून चालली पार. मंग म्हटलं, मशीननं केली असं सांगितलं तर खाईल का?"

त्या बंद दाराचा मी काय अर्थ लावला होता, हे आठवून मान वर करवेना. गाडीत कुणीतरी तिकिटावरून भांडत होतं आणि मामांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर मात्र त्यांचा आवाज गल्लीभर गेला. "मशीन आणलं हो, बायकोसाठी! भाकरी करतं!" बायका पाहायला आल्या. मामांनी मशीनला हात लावू दिला नाही. "गरम हाये, भाजंल," म्हणत सगळ्यांना ओसरीवरूनच कटवलं. मग आत जाऊन मशीन सुरू केलं. रिकाम्या मशीनची घरघर सुरू झाली आणि तिच्या आडून मामा भाकर थापू लागले.

मामीपुढं त्यांनी ताट ठेवलं. "मशीनची हाये," म्हणाले. मामीनं डाव्या हातानं भाकर उचलली. वरच्या अंगाला पाणी फिरवताना उमटलेली मामांची बोटं स्पष्ट दिसत होती. मामी त्या बोटांकडे बघत राहिली. मग आमच्याकडे तोंड करून, तुकडा मोडून, हळूहळू सगळी भाकर संपवली.

"मशीन... बरं... हाये," ती म्हणाली.

"खर्चा केलाय त्याच्यावर," मामा म्हणाले आणि दुसरी टाकायला उठले.

मामी जाईपर्यंत ते मशीन रोज घरघरत होतं. तेराव्यानंतर मी निघाले, तेव्हा मामांनी ते माझ्या हातात दिलं. "घेऊन जा माय. आता कोणाला दाखवायचंय?" ते ओरडून बोलले नाहीत, कुजबुजलेही नाहीत. तसा आवाज त्यांना होता हे मला तेव्हाच कळलं. मागच्या वर्षी मामाही गेले.

ऑफिसात कुणी घरच्या पावाच्या मशीनचा विषय काढला, घ्यावं का म्हणून विचारलं, की मी मामांची ही गोष्ट सांगते. बायकांचे डोळे भरून येतात. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, म्हणतात. मीही मान हलवते.

परवा मला ताप भरला. "तू पडून राहा, मी बघतो," म्हणून नवरा स्वयंपाकघरात गेला. परात ओढल्याचा आवाज आला, पाणी जास्त झाल्याचं पुटपुटणं ऐकू आलं. पडल्या पडल्या फार बरं वाटलं. तेवढ्यात दारावर शेजारच्या काकूंची हाक आली.

मी ताडकन उठले. "अहो, हात धुवा आधी, बाहेर जाऊन बसा," म्हटलं. तो मनगटापर्यंत कणकेत भरलेले हात तसेच धरून माझ्याकडे पाहतच राहिला. मी त्याच्या समोरची परात ओढली, माझे कोरडे हात त्या कणकेत बुडवले आणि दार उघडायला गेले.

"अगं, अंगात ताप आणि कणीक कशाला मळतेस?" काकू म्हणाल्या.

"करावं लागतं काकू," मी म्हणाले, आणि हात त्यांना नीट दिसतील असे पुढे धरले.