पळताना बोलायचं

वेगात पळायचं असेल तर आधी हळू पळायला शिकावं लागतं, असं सुनेनं मला सांगितलं तेव्हाच मला तिचा संशय आला. जास्त दूध हवं असेल तर म्हशीची वैरण कमी कर, असं कुणी सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं का?

संशय हा माझा स्वभाव म्हणा किंवा पोटापाण्याचा धंदा म्हणा. बिद्रीकडच्या आमच्या गावात, दूध संस्थेत, माझं आयुष्य दूध तपासण्यात गेलं. पहाटे किटल्या घेऊन माणसं रांगेला लागायची, नमस्कार-चमत्कार व्हायचे, माझ्या तब्येतीची चौकशी व्हायची आणि मी मान डोलावत किटलीतल्या दुधात लॅक्टोमीटर सोडायचे. ज्या दिवशी एखाद्याच्या तोंडात साखर जास्त, त्या दिवशी त्याच्या दुधात पाणी जास्त, हा माझा पक्का अनुभव. नवरा गेल्यावर मुलानं मला कोल्हापुरात, रंकाळ्याजवळच्या त्याच्या फ्लॅटवर आणलं. कपडे आणि देव आणले, तशी ही सवयही बरोबर आली.

त्यात माझी साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. सून जयसिंगपूरची, बोलायला रोखठोक, आणि लग्नाआधीपासून पळणारी. ती म्हणाली, "चालताय कशाला आई, पळायलाच चला की माझ्यासंगं." स्वतःच्या पैशानं तिनं मला बूट आणले. तिचं जुनं घड्याळ माझ्या मनगटाला बांधलं. त्यात छातीचे ठोके दिसायचे. एवढी माया एकदम का उतू चालली आहे, हे मला कळेना.

कळेना असं तरी कसं म्हणू? मुलाच्या कंपनीनं तेव्हाच त्याला पुण्याच्या ऑफिसात घातलं होतं. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी उशिरा यायचा. "थोड्या दिवसांचं काम हाय," असं दोघंही मला सांगायचे, आणि सांगताना एकमेकांकडे बघायचे नाहीत. पुण्याचा विषय पूर्वी एकदा जेवताना निघाला होता. तेव्हा मीच ताटावरून ठणकावलं होतं, "तुम्ही जायचं तर खुशाल जावा. मी कोल्हापूर सोडून कुठं यायची न्हाय." त्यानंतर घरात कुणी तो विषय माझ्यासमोर काढला नव्हता. न काढलेल्या विषयाचीच मला जास्त भीती वाटायची. ही दोघं गेली तर त्या तिसऱ्या मजल्यावर मी आणि देवघर, एवढंच उरणार होतं.

तर आम्ही रंकाळ्याच्या काठानं पळायला लागलो. म्हणजे ती पळायची आणि मी तिच्या बाजूनं धडपडायचे. एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, पुढच्या खांबापर्यंत चालायचं. पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल आणि पायात ते पांढरे बूट, असं माझं ध्यान. पहिल्या आठवड्यात एकानं मोटारसायकल थांबवून विचारलं, "काय झालं मावशी? एस्टी चुकली व्हय? बसा, स्टँडवर सोडतो." मी नको म्हटलं तरी तो बराच वेळ शेजारून गाडी चालवत राहिला. त्याचाही मला संशय आला, पण तो बिचारा खरंच सोडायला निघाला होता.

खरा संशय सुनेच्या प्रश्नांचा. घरात ही मुलगी कामापुरतं बोलणारी. पळायला लागलं की मात्र सुरू व्हायची. "आई, तुमच्या लग्नात जेवायला काय होतं?" "पहिली म्हैस कुठनं आणलेली?" "सासूबाई तुम्हाला मारायच्या का ओ?" मी दोन शब्द बोलून धापा टाकायला लागले की ही लगेच वेग कमी करायची. मी सावरले की पुन्हा प्रश्न. माझी खात्रीच झाली की ही माझ्याकडून काहीतरी काढून घेते आहे. गावाकडची जमीन, दिरांशी झालेलं भांडण, माझे दागिने, काय वाट्टेल ते. म्हणून मी जपून उत्तरं द्यायचे. जेवायला काय होतं ते सांगायचे, वाढपी कोण होते ते सांगायचे नाही.

पण पाय मात्र माझं ऐकेनात, त्यांना पळणं आवडायला लागलं. थंडी सरेपर्यंत खांब मोजायचं सुटलं. मग सुनेनं नवीन खेळ काढला. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात, नंतरचे खांब अगदी सावकाश, आणि पुन्हा जोरात. त्या जोरातल्या पळण्यात कानाला वारा लागायचा. इतक्या वर्षांत माझ्या कानाला पळण्यानं वारा लागला नव्हता. एका सकाळी संध्यामठापासून चौपाटीपर्यंत मी न थांबता आले, आणि वर तिला माझ्या पहिल्या म्हशीची सगळी कथा सांगितली. ती म्हैस मला चकवून कशी माहेरी पळाली आणि मी तिच्यामागं ओढ्यापर्यंत कशी धावले, ते सांगताना मला हसू येत होतं. सूनही हसली. तिनं माझ्या मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "झ्याक." त्या दिवशी मी खूश होते, हे कबूल करायला मला काही लाज नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी गच्चीवरून कपडे घेऊन खाली आले, तर सून दाराकडे पाठ करून फोनवर बोलत होती. पलीकडे मुलगा होता.

"आईंचा दम चांगला वाढलाय," ती म्हणत होती. "आता त्या एकट्या राहतील, काय भ्या न्हाय. सामान हलवायचं तेवढं दोन महिन्यांनी बघू."

मी कपडे तिथंच जिन्यात धरून उभी राहिले. म्हणजे मला पळवत होते ते साखरेसाठी नव्हतं. एकटीला सोडता यावी म्हणून मला तयार करत होते. बूट, घड्याळ, गोडगोड प्रश्न, सगळ्याचा अर्थ लागला. रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. दूध नासलेलं आहे हे वासावरून आधीच ओळखावं आणि तरी कुणी ते आपल्या चहात ओतावं, तसं झालं.

मग मी माझ्या परीनं उपाय केला. दम वाढला म्हणून जात असाल, तर माझा दम वाढायलाच नको. दुसऱ्या सकाळपासून मी धापा टाकायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या खांबापाशी कंबरेवर हात ठेवून वाकायचे, तोंड उघडून हवा ओढायचे. प्रश्न आला की हातानंच खुणा करायच्या, बोलता येत नाही म्हणून. सून थांबायची, पाठीवरून हात फिरवायची, घड्याळ बघायची आणि म्हणायची, "असू दे, आज चालूया." होळी झाली, पाडवा झाला, तरी आम्ही चालतच होतो. मागनं आलेल्या बायका आम्हाला ओलांडून पुढं जायच्या. पायांना पळायचं असायचं आणि मी त्यांना आवरून धरायचे. पण दोन महिने होऊन गेले तरी सामान हललं नाही, एवढं समाधान होतं.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी मुलगा आला. मटण केलं होतं. तांबड्या रश्श्याची वाटी पुढ्यात, आणि हा ताटावर बसल्याबसल्याच पेंगायला लागला. हातातला घास तसाच. मी त्याच्याकडे नीट बघितलं. शर्ट खांद्यावरून उतरत होता. खानावळीचं जेवण आणि दर आठवड्याचा तो प्रवास त्याच्या तोंडावर दिसत होता. मी त्याला हलवलं तर दचकून म्हणाला, "तुझं कसं हाय आई? ही म्हणत होती, घड्याळात पण ठोके लई वाढलेले दिसतात तुझे. सांभाळ बाई. आम्ही काय इतक्यात जात न्हाय."

माझा हात वाढता वाढता थांबला. कारण ते घड्याळ मीही बघत होते. खोट्या धापांनी ठोके वाढत नाहीत. घड्याळात रोज सगळं ठीक दिसत होतं, आणि ते माझ्याइतकंच तिलाही दिसत होतं. मी सुनेकडे बघितलं. ती भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. दुधातलं पाणी मी आयुष्यभर ओळखलं, आणि माझ्याच घरातलं मला दोन महिने दिसलं नव्हतं.

सोमवारी पहाटे तो पुण्याला गेला आणि आम्ही रंकाळ्यावर. मी धाप टाकली नाही. सरळ विचारलं, "ठोके वाढल्यात म्हणून त्याला का सांगितलंस?"

"मग तुम्ही दम लागल्याचं सोंग का करत हुता?" ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळालं मला."

"तू फोनवर बोललेलं ऐकलं मी. मला एकटीला टाकून तुम्ही दोघं निघाला हुता."

ती चालायची थांबली. कठड्याला टेकून पाण्याकडे बघत म्हणाली, "व्हय, निघालो हुतो. पण तुम्ही धापा टाकायला लागला, आणि मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, थांबायला कारण झालं. हितं तुम्हाला सोडवत न्हाय, आणि तिकडं त्यांचे हाल बघवत न्हाईत. मी काय करू, सांगा तुम्हीच." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही चला की आमच्यासंगं."

मला ते जमणार नव्हतं आणि ते तिलाही माहीत होतं. तासाभरावर माझं गाव आहे, माणसं आहेत, भाषा आहे. मी नुसती मान हलवली.

"आणि ते प्रश्न?" मी विचारलं. "ते कशासाठी काढून घेत हुतीस?"

"काढून कुठलं? पळताना बोलता आलं, की समजायचं, झेपतंय. न्हाय आलं, की हळू व्हायचं. नवशिक्याचा दम असाच बघतात," ती म्हणाली. "म्हणून काय बी विचारत हुतो. पण तुम्ही सांगायला लागला आणि मग मलाच रोज ऐकू वाटाय लागलं. वाढपी कोण हुते ते अजून सांगितलं न्हाईसा."

मला तोंड लपवावंसं वाटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सारखा मुलाच्या हातातला तो घास डोळ्यांपुढं यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याआधी बूट घालून तयार होते. पहिल्या खांबापासूनच पळायला लागले आणि बोलायला लागले. लग्नातले वाढपी सांगितले, त्यातला एक माझ्या मोठ्या दिराशी भांडून भाताचं घमेलं तिथंच टाकून गेला तेही सांगितलं. सासू मारायची नाही, पण बोलायची फार, तेही सांगितलं. जमीन, दागिने, सगळं सांगून टाकलं, आता लपवायचं कशाला? संध्यामठ गेला, चौपाटी मागं पडली, आणि निघालो होतो त्याच खांबापाशी मी फेरी पूर्ण करून आले. न थांबता, बोलत बोलत.

"आता त्याला फोन लाव," मी पळता पळताच म्हणाले. "सांग, आई पुरी फेरी पळली आणि तोंड एकदा बी मिटलं न्हाय तिचं. सामान हलवा म्हणाव."

आम्ही तसंच पुढं गेलो.

"काय गं? आज भाजी कशाची करायची?" मी विचारलं.

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला बोलता आलं नाही. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि मान दुसरीकडे फिरवली. ती माझ्याहून कितीतरी जोरात आणि लांब पळणारी मुलगी, पण तिनंच मला शिकवलं होतं, की बोलता आलं नाही की समजायचं, झेपत नाही. मी वेग कमी केला.